कुंभकोणमच्या घराची उंची

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधल्या सुपीक पट्टीत कुंभकोणम् हे नगर वसलेले आहे. देवळांचे गाव, विड्याच्या पानांचे गाव, पितळेच्या भांड्यांचे गाव आणि बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वाचे गाव अशी त्याची ख्याती दक्षिणेत सर्वत्र आहे. मराठी माणसाला ते आणखी एका नात्याने जवळचे आहे. इ. स. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. १७९८ साली गादीवरून दूर व्हावे लागलेले अमरसिंहराजे जवळच्याच तिरुविडैमरुदूर येथे येऊन राहिले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ साली याच कुंभकोणमात, एका मराठी घराण्यात झाला.

अशा गावातील घराचे छत किती उंच असावे, हा प्रश्न वरवर पाहता इतिहासाचा वाटत नाही. गवंडी, सुतार आणि नगरपालिकेचा ओव्हरसियर यांनी मिळून सोडवावा, इतकाच तो वाटतो. परंतु फूट-इंचांचे आकडेही कोठून तरी आलेले असतात. कोणत्या तरी भीतीने, कोणत्या तरी शास्त्राच्या आधाराने ते ठरलेले असतात, आणि ती भीती व ते शास्त्र मागे पडल्यावरही आकडा तेवढा शिल्लक राहतो. जुने घर दुरुस्तीला काढणाऱ्या गृहस्थाची गाठ या आकड्याशी पडते. म्हणून त्याची कुळकथा जाणून घेणे निरुपयोगी ठरू नये.

प्रथम जुने घर पाहू. सारंगपाणीच्या देवळासमोरील रस्त्यावर किंवा अशाच एखाद्या जुन्या आळीत घरे एकमेकांना खेटून उभी असतात. रस्त्याकडची रुंदी थोडी, पण मागे खोली पुष्कळ. दारापुढे ओटा असतो, त्याला तेथे तिण्णै म्हणतात. नळीच्या कौलांचे पाखे या ओट्यावर इतके खाली उतरलेले असते की उंच माणसाला सहज मान वाकवावी लागते. दाराची चौकटही ठेंगणीच. वाकून आत शिरावे, अरुंद वाटेने चार पावले चालावे, आणि एकदम डोक्यावर आकाश यावे. हा मुट्रम्, म्हणजे आपल्या वाड्यातील चौक. त्याला लागून कूडम्, म्हणजे सोपा आणि माजघर या दोहोंचे काम करणारे घरातील मुख्य दालन. पुष्कळ घरांत या कूडमचे छप्पर मधोमध उचललेले असते आणि उचललेल्या भागाला लहान झरोके असतात. त्यापलीकडे स्वयंपाकघर, तेथे सामान ठेवण्याचा परण्, म्हणजे माळा, आणि शेवटी विहीर व परसू. गणितज्ञ रामानुजन् यांचे बालपण ज्या घरात गेले ते सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील लहानसे घर आज स्मारक म्हणून राखलेले आहे. ओटा, कौले आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी हा घराचा साधा थाट तेथे अजून पाहावयास मिळतो.

या घरात उंची एकसारखी नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओट्यावर ती मुद्दाम कमी आहे, कारण तेथे उन्हाची तिरीप आणि ऑक्टोबरपासून कोसळणाऱ्या ईशान्य मोसमी पावसाचा मारा अडवावयाचा असतो. कूडमात ती मुद्दाम वाढविली आहे, कारण तेथे माणसांचा वावर अधिक आणि तापलेल्या हवेला वर जाण्यास वाट हवी. चौकात तर ती मोजताच येत नाही. रस्त्याकडच्या दारातून परसदारापर्यंत वारा वाहावा, चौकातून ऊन झालेली हवा वर निघून जावी, या बेतानेच सारी मांडणी झालेली असते. ठेंगणे पाखे आणि उघडा चौक ही एकाच हिशेबाची जमा आणि खर्च आहे.

जुन्या शिल्पग्रंथांची दृष्टीही याच प्रकारची होती. द्रविड परंपरेतील मयमत आणि मानसार हे ग्रंथ उंची सांगताना अमुक इतके हात असा एकच आकडा सर्वांना लावीत नाहीत, ते उंची रुंदीच्या प्रमाणात सांगतात. मानसारात तर अशा पाच प्रमाणांना निरनिराळी नावे आहेत. ही प्रमाणे मुख्यतः देवालये आणि मोठ्या वास्तू यांच्यासाठी होती, गरिबाच्या झोपडीची चौकशी त्यांत थोडीच असणार! तरीही उंची ही एकटी मोजावयाची वस्तू नव्हे, तिला दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी ठेवून मोजावे, हा त्यातील विचार सुताराच्या हातात उतरलेला होता.

एकच आकडा सर्वांना लावण्याची पद्धत आली ती विलायतेहून, आणि ती आली भीतीपोटी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॉलरा आणि ताप हे दूषित हवेने पसरतात, अशी तेथील वैद्यांची व राज्यकर्त्यांची ठाम समजूत होती. कोंदट खोलीत माणसांच्या श्वासाने हवा विषारी होते, म्हणून प्रत्येक माणसामागे इतके घनफूट हवा हवीच, असा हिशेब सुरू झाला. १८४४ च्या लंडनच्या इमारत कायद्याने खोलीची उंची निदान ७ फूट ठरविली, आणि १८९४ च्या कायद्याने ती साडेआठ फुटांवर नेली. सैनिकांच्या बराकींसाठी तेथे दर माणशी ६०० घनफुटांचे मान सुचविले गेले. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली निघाला, आणि या देशाच्या उष्णतेसाठी ते मान पुष्कळच वाढविण्यात आले. आपल्याकडील जुन्या छावण्यांतील बराकी आणि डाकबंगले आजही पाहणाऱ्यास उगाच उंच वाटतात, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

बराकीसाठी निघालेला विचार हळूहळू गावात शिरला. कुंभकोणमची नगरपालिका १८६६ साली स्थापन झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीतील अंधाऱ्या खोल्यांविषयी साऱ्या देशात धास्ती निर्माण झाली. मुंबईत १८९८ साली सुधार मंडळ स्थापन होऊन चाळींच्या चाळी पाडल्या जाऊ लागल्या. मद्रास इलाख्यात १९२० साली जिल्हा नगरपालिकांचा आणि नगररचनेचा असे दोन कायदे झाले, आणि घर बांधणाराने किंवा त्यात फेरफार करणाराने नकाशा मंजूर करून घ्यावा, ही शिस्त अंगवळणी पडू लागली. यात अन्याय होता असे म्हणता येणार नाही. घरमालकाने भाड्याच्या लोभाने एका मजल्याचे दोन करावेत आणि भाडेकरूने वाकून वावरावे, हे प्रकार साऱ्या शहरांत घडत होते. त्यांना आळा घालण्यास आकडा हेच शस्त्र उपयोगी होते. ‘पुरेशी उंची’ असे नुसते लिहिले असते, तर पुरेशी म्हणजे किती, यावर कज्जे चालले असते.

परंतु त्याच काळात या आकडेबाजीतील धोका ओळखणारा एक मनुष्य तंजावरास येऊन गेला. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१४ आणि १९१५ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील शहरांची पाहणी केली. तंजावरच्या किल्ल्यातील जुनी वस्ती पाडून सरळ रेषांचे रुंद रस्ते काढण्याची एक योजना त्या वेळी पुढे आली होती. गेडिस तेथल्या बोळांतून पायी हिंडले. पडक्या जागा कोणत्या, विहिरी कोठे, झाडे कोठे, टिकण्याजोगी घरे कोणती, हे त्यांनी पाहिले आणि मोजकी पाडापाड करून लहान लहान मोकळ्या जागा सांधल्या, तर थोड्या पैशांत आणि थोड्या लोकांना उठवून तेच आरोग्य साधेल, असे त्यांनी दाखवून दिले. या पद्धतीला त्यांनी जपणुकीची शस्त्रक्रिया असे नाव दिले. हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तंजावरपासून कुंभकोणम् काही दूर नाही. गेडिस यांनी जे वस्तीविषयी सांगितले, तेच एकेका घराविषयीही खरे आहे. आधी पाहावे, मग मोजावे, आणि पाडावे सर्वांत शेवटी.

तोवर खुद्द शास्त्रही बदलले होते. १९०५ साली जर्मनीत फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत माणसांना बंद कोठडीत बसवून प्रयोग झाले. कोंदट जागेत जीव घाबरतो तो श्वासाने हवा विषारी झाल्यामुळे नव्हे, तर उष्णता आणि दमटपणा साचल्यामुळे आणि हवा हलत नसल्यामुळे, असे त्यांतून दिसून आले. लंडनच्या लिओनार्ड हिल यांच्या प्रयोगांनीही तेच सांगितले. बंद कोठडीतील माणसांना नुसता पंखा लावताच बरे वाटू लागले. म्हणजे महत्त्व साठलेल्या हवेपेक्षा वाहणाऱ्या हवेला अधिक होते.

एक साधा हिशेब करून पाहावा. १२ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी एक खोली घेऊ. तिचे छत १ फुटाने उंच केले तर १२० घनफूट हवा अधिक मिळते. त्याच खोलीला जमिनीच्या क्षेत्राच्या एकषष्ठांश, म्हणजे २० चौरस फुटांच्या खिडक्या ठेवल्या, समोरच्या बाजूने हवा बाहेर जाण्यास तेवढीच वाट दिली, आणि वारा सेकंदाला अवघा १ फूट या मंद गतीने आला, तर तेवढीच १२० घनफूट हवा ६ सेकंदांत खोलीतून जाते. भिंत एक फूट चढविण्याचा खर्च आणि खिडकी उघडण्याचे श्रम यांची तुलना ज्याची त्याने करावी. विलायतेतही पुढे हे मानले गेले. १९५० नंतर तेथील उपविधींनी उंची साडेसात फुटांवर आणली, आणि १९८५ च्या नियमांनी इंग्लंडात खोलीच्या किमान उंचीची अटच काढून टाकली. जिन्यावर माणसाचे डोके आपटू नये म्हणून २ मीटर मोकळी जागा ठेवण्याचा दंडक मात्र तेथेही राहिला, कारण डोके आणि तुळई यांचा संबंध कोणत्याही संशोधनाने बदलत नाही.

याचा अर्थ आपल्या देशात उंचीचे बंधन निरर्थक आहे असा नव्हे. उन्हाने तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता फेकीत राहतो, आणि तो डोक्याच्या जितका जवळ तितका ताप अधिक. शिवाय घरोघरी विजेचा पंखा आहे. त्याची पाती छतापासून सुमारे १ फूट खाली असावी लागतात, एरवी त्याला वरून हवा मिळत नाही. खाटेवर उभ्या राहिलेल्या मुलाने हात वर केला तर तो पात्याला लागू नये, एवढी उंची त्याखाली राहिलीच पाहिजे. नियोजन मंडळाच्या सूचनेवरून तयार झालेली राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ या वर्षी तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. राहण्याच्या खोलीची उंची तिने २.७५ मीटर धरली आहे. ९ फुटांचे मीटर केले तर २.७४ येतात. जुना ९ फुटी दंडकच जणू दशमान पद्धतीचा वेष घालून आला! उतरत्या छपराच्या खोलीत सरासरी २.७५ मीटर असावेत, तुळईखाली किंवा पाख्याखाली २.४ मीटर मोकळे असावेत, वातानुकूलित खोलीत २.४ मीटर पुरतात, जिन्याखालून वाट असेल तर २.२ मीटर हवेत, आणि माळ्याखालीही तितकेच. न्हाणीघराला २.१ मीटर चालतात.

हे आकडे गवंड्यांना पाठ असतात. परंतु त्याच संहितेत त्यांच्या शेजारी आणखी काही कलमे आहेत आणि ती मात्र सहसा कोणी आठवीत नाही. दमट उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एकषष्ठांश असावे. खोलीचा कोणताही भाग उजेडाच्या झरोक्यापासून साडेसात मीटरांहून दूर असेल, तर तेथे उजेड पोचतो असे धरू नये. ज्या आतल्या चौकावर खोल्या अवलंबून आहेत त्याची रुंदी ३ मीटरांहून कमी नसावी. कुंभकोणमच्या लांबट घराला मध्ये चौक का लागला, याचे उत्तर या कलमांतच आहे. जुन्या सुतारांनी ही संहिता वाचली नव्हती, परंतु वीस-पंचवीस फुटांपलीकडे अंधार सुरू होतो हे त्यांना ठाऊक होते.

आता दुरुस्तीकडे वळावे. जुन्या घराची उंची आज तीन वाटांनी कमी होते. पहिली वाट खालची. रस्त्यावर दर खेपेस जुन्या थरावरच नवा थर पडतो आणि रस्ता चढत जातो. पावसाचे पाणी ओट्यावरून आत येऊ लागते, म्हणून घरमालक जमिनीत भर घालून ती उंच करतो. जमीन जितकी वर येते तितके छत खाली येते, आणि मुळात ठेंगणी असलेली चौकट आता कपाळाला लागू लागते. हा त्रास इतका सार्वत्रिक झाला की २०२१ साली तमिळनाडूच्या मुख्य सचिवांना, जुना थर खरवडून काढल्यावाचून नवा घालू नये, अशी सूचना काढावी लागली. दुसरी वाट वरची. कौले गळतात म्हणून खाली खोटे छत लावले जाते, किंवा सामानासाठी माळा वाढविला जातो आणि मग त्या माळ्यावर माणूस निजू लागतो. मुंबईच्या चाळींत वाढलेल्यास हा पोटमाळा नवीन नाही. तेथे रांगत जाऊन अंथरूण घालणारांच्या दोन पिढ्या गेल्या.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे, कारण तीत एक इंचही कमी होत नाही. वाढत्या कुटुंबाला खोली हवी असते, चोराची भीती असते, पावसात चौक ओला होतो. म्हणून चौकावर स्लॅब घातला जातो. फीत लावून पाहिले तर कूडमची उंची पूर्वीइतकीच भरते, कदाचित ती नियमाहून अधिकही असते. परंतु जिच्या जिवावर ती उंची पुरत होती ती मोकळी जागाच गेलेली असते. मागच्या खोल्या दिवसाउजेडी दिवा लावल्यावाचून दिसत नाहीत, भिंती ओल धरतात, स्वयंपाकघराचा धूर घरातच फिरतो. मग गृहस्थ म्हणतो, जुन्या घरांची छतेच ठेंगणी, पाडून नवे बांधले पाहिजे. दोष छताचा नसतो, झाकलेल्या चौकाचा असतो.

उंची, वाट आणि छपराचे साहित्य यांचा एकत्र विचार न केल्यास काय होते, याची एक भयंकर आठवण कुंभकोणमच्याच नशिबी आली. १६ जुलै २००४ रोजी गावातील एका शाळेत दुपारच्या जेवणाच्या चुलीची ठिणगी झावळ्यांच्या छपराला लागली. गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर झावळ्यांचा मांडव घालणे त्या भागात नित्याचे आहे. तो स्वस्त पडतो आणि खाली गारवा राहतो. परंतु त्या दिवशी पेटलेले छप्परच वर्गातील मुलांच्या अंगावर आले, आणि खाली उतरण्यास जिना अरुंद होता. ९४ बालके मृत्युमुखी पडली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि शाळांवरील झावळ्यांची छपरे काढून टाकण्याचे हुकूम सुटले. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षिततेविषयी निर्णय देताना या दुर्घटनेची दखल घेतली आणि राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन हा मुलांच्या सुरक्षित शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. संहितेतील कोरडी कलमे कोणासाठी लिहिलेली असतात, हे त्या गावाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता राहिली नाही.

त्या आठवणीने जुन्या घरांविषयी भीती वाटणे साहजिक आहे, पण सगळे जुने धोक्याचे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. संहितेचीही तशी भूमिका नाही. उभी असलेली इमारत धोकादायक नसेल तर ती केवळ नव्या मापात बसत नाही म्हणून पाडावी, असे ती म्हणत नाही. नवे काम जेथे होईल तेथे मात्र तिचे माप लागू होते. हा विवेक फार मोलाचा आहे. आजोबांनी बांधलेले ठेंगणे पाखे राहू द्यावे, परंतु नातवाने घातलेल्या माळ्याखाली, जिन्याखाली आणि स्लॅबखाली माणसाला ताठ उभे राहता आले पाहिजे, त्याला बाहेर पडण्यास वाट राहिली पाहिजे आणि त्याच्यापर्यंत वारा पोचला पाहिजे.

म्हणून कुंभकोणम् असो की वाई, तंजावर असो की पैठण, जुने घर दुरुस्तीला काढणाराने गवंड्याला बोलाविण्यापूर्वी एक दुपार त्या घरात नुसते बसून काढावी. ऊन कोठवर येते, वारा कोणत्या दाराने शिरतो व कोणत्या दाराने निघतो, डोके कोठे लागते आणि घाईच्या वेळी मुले कोणत्या वाटेने धावतील, हे पाहावे. मग फीत काढून जमिनीपासून छतापर्यंतचे अंतर खुशाल मोजावे. आणि ते मोजून झाल्यावर चौकात उभे राहून एकदा वर पाहावे. तेथे आकाश दिसत असेल, तर ते झाकण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.